काळी तीनमधला भुंगा

नानांच्या घरात शिडी होती, पण ती वापरायची कोणाला परवानगी नव्हती.

जळगावला आम्ही भाड्याने राहायला गेलो, त्या पहिल्याच रविवारी तुमच्या आजोबांना पंख्याची पाती पुसायची होती. खालच्या ओसरीत भिंतीला टेकून बांबूची जाडजूड शिडी उभी होती. त्यांनी तिला हात घातला, तोच आतून घरमालकांचा, म्हणजे नानांचा आवाज आला, "साहेब, थांबा! तिच्यात बिऱ्हाडं आहेत."

शिडीच्या बांबूंना जागोजाग बोट जाईल एवढी भोकं होती, कंपासने आखावीत तशी गोल. त्यातल्या एका भोकातून काळाभोर, गुबगुबीत भुंगा बाहेर आला. पंख उन्हात निळे-जांभळे चमकले आणि आजोबांच्या कानाजवळून तो घोंघावत गेला. आजोबा झटकन मागे सरले.

"काही करत नाही तो," नाना म्हणाले. "नवीन भाडेकरू कोण आलाय, बघून गेला."

पंखा पुसायला आम्ही शेजाऱ्यांची शिडी आणली. पुढे त्या घरात जितकी वर्षं राहिलो, तितकी वर्षं शेजाऱ्यांचीच आणत राहिलो. शेजारीण मला विचारायची, "मास्तरीणबाई, तुमच्या मालकाची शिडी काय नवसाची आहे का?"

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तुमची आई तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आजोबा बँकेत होते आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. नाना पेट्या दुरुस्त करीत. पेटी म्हणजे हार्मोनियम. वरणगाव, भडगाव, कुठून कुठून भजनी मंडळांची माणसं गोणपाटात गुंडाळलेल्या पेट्या घेऊन एसटीने यायची. कुणाचा भाता फाटलेला, कुणाचे सूर उतरलेले, एका पेटीत तर उंदरांनी संसार थाटलेला. नाना पेटी उघडायचे, एकेक पट्टी दाबून ऐकायचे आणि डॉक्टरसारखे मान हलवायचे. मग लोखंडी काटा काढायचे. दोन बोटांचा तो काटा गुडघ्यावर आपटला की एकच सूर धरून बराच वेळ वाजत राही. त्या सुराशी पेटी जुळवायची. काट्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

पेटीच्या पट्ट्यांना पांढरी एक, काळी दोन अशी नावं असतात, तुम्हाला माहीत असेल. नानांनी साऱ्या जगालाच तशी नावं दिली होती. आमचा कुकर काळी पाच. कोपऱ्यावरची रिक्षा सुरू होताना पांढरी एक, "पण सर्दी झालेली". मी तुमच्या आईवर रागावले की खालून हाक येई, "बाई, आज काळी चारला गेलात. पोरीचं काय चुकलं?" त्यामुळे त्या घरात माझं रागावणं फारसं टिकत नसे.

पेटी सुरात लावताना त्यांना पूर्ण शांतता लागे. नळ बंद, रेडिओ बंद, तुमच्या आईचं दोरीवरचं उड्या मारणं बंद. फक्त भुंग्यांना मुभा होती. ते शिडीतून ये-जा करायचे, बांबूचा पिवळसर भुसा नानांच्या गादीवर सांडायचा आणि नाना तो तळहाताने झटकून पुन्हा कामाला लागायचे.

भुंग्यांबद्दल त्यांच्या स्वतःच्या उपपत्त्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक चुकीच्या होत्या. भुंगे लाकूड खातात, असं ते सांगायचे. मी कॉलेजात दोन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकले होते. मी म्हटलं, "नाना, लाकूड फक्त राहायला. खायला त्यांना फुलातला मध आणि पराग लागतो."

"मग एवढं पोखरून भुसा बाहेर टाकतात तो?"

"टाकूनच देतात."

"म्हणजे आपल्या गल्लीतल्या सुतारासारखं. अर्धं लाकूड वायाच." हे म्हणताना त्यांना भुंग्यांचा थोडा राग आला होता. शिडीतल्या सगळ्यांत थोराड भुंग्याला ते घरातला कर्ता समजत आणि बाकीच्यांना त्याचे भाऊ, पुतणे. मी सांगितलं की घर पोखरणारी आणि पिलांसाठी शिदोरी भरून ठेवणारी मादी असते. त्यावर ते शिडीकडे बघत म्हणाले, "तरीच घर नेटकं आहे."

पण एक गोष्ट त्यांनीच ओळखली, आणि ती पुस्तकात मी तोवर वाचलेली नव्हती. अंगणात कुंडीत एक वांग्याचं झाड होतं, त्यांच्या गावाहून आणलेलं. एके सकाळी त्यांनी मला हाक मारून खाली बोलावलं. "बाई, ऐका. उडताना खालचा सूर आहे. आता फुलावर बसेल, तेव्हा बघा."

भुंगा वांग्याच्या जांभळ्या फुलाला पोटाशी धरून लोंबकळला आणि खरंच, त्याचा आवाज एकदम चढला. पंख मात्र मिटलेले होते. फूल थरथरलं, भुंग्याच्या पोटावर पिवळी धूळ पडली आणि तो पुढच्या फुलाकडे गेला. जाताना आवाज पुन्हा खाली.

"फुलावर काळी तीन," नाना म्हणाले. "रोज तीच. माझी पेटी उतरते, हा उतरत नाही."

मी दुसऱ्या दिवशी शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, की वांग्याच्या फुलात पराग पुडीत बांधल्यासारखा असतो. तोंडाशी बारीकसं छिद्र असतं. नुसतं बसून तो मिळत नाही, फूल हलवावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला जमतं. वाऱ्यानेही थोडंफार काम होतं, पण थोडंफारच. मी हे नानांना सांगितलं, तेव्हा त्यांना काही आश्चर्य वाटलं नाही. "म्हणजे बरोबर सूर लागल्याशिवाय फूल देत नाही," ते म्हणाले. "रास्त आहे."

नानांचं गाव असोदा, जळगावच्या अगदी जवळ. तिथे त्यांचा धाकटा भाऊ शेती करायचा. त्याला सगळे आबा म्हणत. केळी, कपाशी आणि एका तुकड्यात भरिताची वांगी. ती हिरवी-पांढरी, मोठी वांगी तुम्ही खाल्लेली नाहीत. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजली की आत लोणी. आबांच्या वांग्यात बिया कमी आणि चव अशी, की जळगावहून लोक खास येत. ते बियाणं त्यांच्या आजीपासून घरात चालत आलेलं. बाजारात मिळत नव्हतं. दर वर्षी चार-दोन वांगी झाडावरच पिवळी होईपर्यंत ठेवायची, त्यांचं बी धुऊन, राखेत घोळून गाडग्यात घालायचं. हे काम आबांच्या बायकोचं. मी त्यांना वहिनी म्हणत असे.

वहिनी नानांशी कधी समोरून बोलत नसत. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी त्या घराची रीत. डोक्यावर पदर घेऊन त्या भिंतीशी, म्हशीशी किंवा माझ्याशी बोलत, आणि नाना भिंतीमार्फत, म्हशीमार्फत किंवा माझ्यामार्फत उत्तर देत. मी रविवारी कधीमधी नानांबरोबर असोद्याला जायची, तेव्हा दोघांनाही बरं वाटे. म्हैस निरोप नीट पोचवत नसे.

त्या वर्षी पावसाळ्यात आबांनी टाकलेली वांग्याची रोपं पाणी साचून कुजली. त्यांनी पुन्हा रोप टाकलं आणि गाडग्यातलं होतं नव्हतं तेवढं बी त्यात गेलं. ही रोपं जगली, शेतात लागली, दिवाळीच्या सुमारास फुलांनी भरली. आणि मग फुलं गळायला लागली. देठापासून पिवळी पडायची आणि टपटप खाली. फळ धरतच नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा आबा पाठीवर पंप घेऊन फवारत होते. सकाळची वेळ होती, वारा पडलेला. शेजारच्या कपाशीतूनही पंपांची खटखट येत होती. औषधाचा वास घशात बसत होता. तेव्हा सगळे फवारणीच्या विषाला औषधच म्हणत.

वहिनी मला बांधावर घेऊन गेल्या. ओंजळभर गळालेली फुलं त्यांनी दाखवली. "बाई, गाडगं रिकामं हाये. या साली फय धरलं नाई तं हे वांगं गेलं. सासूनं माह्या हातात देल्लं व्हतं. मी कोनाले तोंड दाखवू?"

नाना शेतात उभे राहून कान देत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "आबा, तुझ्या शेतात काळी तीन नाही."

"काय नाई?"

"भुंगा. एकही भुंगा नाही. तू सकाळी फवारतो, तोच त्याचा यायचा वखत."

आबा हसले. पंप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "बाई, आमच्या नानाच्या डोक्यात पेटीच्या भात्याची हवा भरू राह्यली. नाना, इतकी वर्सं केयी लावतो मी. केयीले कधी भुंगा लागला का?"

खरंच, केळीला कोणी लागत नाही. केळीचं फळ परागाशिवाय धरतं. त्या भागात पिढ्यान् पिढ्या केळी पिकवलेली, त्यामुळे फळ आपोआप धरतं, आपण पाणी आणि खत द्यायचं, हे लोकांच्या अंगात मुरलं होतं. जे केळीला तेच वांग्याला, असा आबांचा हिशेब. मी त्यांना फरक समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं, कारण मी पाहुणी होते.

"मग अळीले काय करू? शेंड्यात अळी घुसते. औषध नाई मारलं तं अळी खाईल. मारलं तं तुमचा भुंगा रुसते."

आणि त्यांनी पंप पुन्हा पाठीवर चढवला.

पुढच्या रविवारी नाना लोखंडी काटा घेऊन शेतात गेले. गुडघ्यावर काटा आपटायचा आणि वाजता काटा फुलाच्या देठाला हलकेच टेकवायचा. पिवळी धूळ भुरभुरत पडायची. मी स्वतः पाहिली. शेतात निंदणीला आलेल्या बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "नाना, वांग्याचं लगीन लावता का? आम्ही मंगलाष्टकं म्हनतो!" एकीने विचारलं, "अन् मानपानाचं काय?"

नाना हसले नाहीत. आपटायचं, टेकवायचं, पुढे सरकायचं. दुपारपर्यंत त्यांच्या जेमतेम तीन ओळी झाल्या आणि गुडघा भोपळ्याएवढा सुजला. त्यांना बैलगाडीतून बसथांब्यापर्यंत आणावं लागलं. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "बाई, हे माणसाचं काम नाही. एकेका फुलापाशी एवढं आपटून घ्यायचं, हे त्यांनाच जमतं."

काटा मात्र शेतातच राहिला होता. वहिनींनी तो मागून घेतला होता, म्हणजे मला मागायला लावला होता. नानांनी काटा दिला, हे मी घरी सांगितलं तेव्हा आजोबांना खरं वाटेना.

मग शिडीचं प्रकरण झालं. गुडघ्याला हळदीचा लेप लावून बसल्या-बसल्या नानांनी ठरवलं, की भुंगे असोद्याला न्यायचे. संध्याकाळी सगळे घरी परतले की भोकांना कापसाचे बोळे लावायचे, शिडी एसटीच्या टपावर चढवायची आणि आबांच्या बांधावर उभी करायची. आजोबांनी विचारलं, "नाना, भुंग्यांना विचारलंत का?" नाना कापसाचे बोळे वळत राहिले.

कंडक्टरने विचारलं, "काका, शिडी कशाला? असोद्याला घरं उंच झाली का?"

"पाहुणे आहेत आत."

कंडक्टरने शिडीला कान लावला. आत गुरगुर चालली होती. त्याने चटकन डबल बेल मारली आणि असोदा येईपर्यंत पुढच्या दारापाशीच उभा राहिला.

शिडी बांधावर उभी राहिली. बोळे काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी भुंगे बाहेर पडले, शेतावर दोन घिरट्या घातल्या, आणि गेले. आबांनी मुक्कामाला राहिलेल्या नानांना विचारलं, "नाना, कुठं गेले तुहे पाव्हने?"

ते कुठे गेले, ते मी पाहत होते. जळगावला त्याच सकाळी शाळेत जायला मी खाली उतरले, तर ओसरीतल्या रिकाम्या भिंतीसमोर भुंगे घिरट्या घालत होते. जिथे शिडीची भोकं असायची, बरोबर त्या उंचीवर. पुढे यायचे, भिंतीला धडकायचे, मागे व्हायचे, पुन्हा पुढे. घर हलवलं होतं, पण त्यांच्या डोक्यातला पत्ता तोच होता. दुपारी शाळेतून आले तरी ते तिथेच होते. काही तर दमून फरशीवर बसले होते.

नाना दुपारच्या बसने परतले. त्यांनी ओसरीत पाऊल टाकलं, वर पाहिलं आणि दारातच थांबले. चप्पलही काढली नाही. लंगडत तसेच मागे फिरले आणि दिवस मावळण्याच्या आत शिडी घेऊन परत आले. या वेळी भाड्याच्या टेम्पोने. शिडी जागेवर टेकवल्यावर एकेक भुंगा आपापल्या भोकात गेला. नाना खाली गादीवर बसून ते बघत राहिले.

"मी त्यांना कामाला जुंपायला निघालो होतो, बाई," एवढंच म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी एकही पेटी उघडली नाही.

असोद्यात मात्र वहिनींनी हाय खाल्ली नव्हती. त्यांनी वांग्याची मोजकीच चांगली झाडं निवडून त्यांना लाल चिंधी बांधली. रोज सकाळी नानांचा काटा दगडावर आपटून त्या तेवढ्याच झाडांच्या फुलांना टेकवायच्या. त्यांचा गुडघा शाबूत राहिला. शिवाय त्या आबांना म्हणाल्या, की या चिंध्यांच्या बाजूला सकाळी पंप आणायचा नाही. अळीचे सुकलेले शेंडे त्या हाताने खुडून जाळायच्या. आबा कुरकुरले, पण घरात बियाण्याचा कारभार बायकोचा, त्यात ते बोलू शकत नव्हते.

चिंधीच्या झाडांवर फळ धरलं. बाकीच्या शेतात कुठे एखादं, इथे डहाळीडहाळीला. आबा रोज येऊन फळं मोजून जायचे. एके दिवशी नानांना निरोप आला, "फवारणी दिवस बुडाल्यावर करू राह्यलो. नानाले सांगा, चार भुंगे दिसले. कोन्या सुरात हायेत, मले समजत नाई." पाठोपाठ बांधावर जुने, वाळलेले बांबू उभे राहिले. दर वर्षी ते चुलीत जात.

पिवळी झालेली वांगी उतरवली, त्या दिवशी मी तिथे होते. वहिनींनी ती चिरली, बी पाण्यात चोळून काढलं, बुडालेलं ठेवलं, तरंगलेलं फेकलं. सुपात पसरल्यावर त्यांनी पहिल्यांदाच लांब श्वास घेतला.

मृगाच्या तोंडावर गावातले लोक बी मागायला आले. त्या वर्षी बऱ्याच जणांची वांगी गेली होती. बियाण्याबाबत आबांच्या घरात एक जुनी रीत होती. बी विकायचं नाही आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. ओसरीवर वहिनी सूप घेऊन बसल्या. आबा, नाना आणि मी बाजूला. पहिला आला तो शेजारच्या कपाशीवाला. त्या शिवारात सगळ्यांत मोठा पंप त्याचा.

वहिनींनी कागदाची पुडी बांधली, पण हातातच ठेवली. "भाऊ, बी ने. पन फुलं आल्यावर सकायच्या पारी पंप चालवाचा नाई. वांग्यातबी नाई अन् कपाशीतबी नाई. दिवस बुडाल्यावर चालव."

"वहिनी, बी देताना कोनी अट घालते का?"

"अट कायची? भुंगा मेला तं पुढल्या साली तू पुन्हा मागाले येशील. मले नाई म्हनता येनार नाई. मंग मी कुठून देऊ?"

तो माणूस आबांकडे बघायला लागला. आबा छताकडे बघायला लागले. शेवटी त्याने मान डोलावली आणि पुडी घेतली. त्याच्यामागे उभे असलेले सगळे हे ऐकतच होते. संध्याकाळपर्यंत सूप जवळजवळ रिकामं झालं. गाडग्यात पुरेल एवढं वहिनींनी आधीच काढून ठेवलं होतं.

"बाई," नाना मला हळूच म्हणाले, "मी काटा घेऊन बसलो, शिडी नाचवली, गुडघा फोडून घेतला. हिने बसल्या जागी सगळं शिवार आवरलं. तिला सांगा, काटा तिच्याकडेच राहू दे."

मी सांगितलं. वहिनी पदर नीट करून म्हणाल्या, "त्याईले सांगा, आता काटा नाई लागनार."

त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा असोद्याला भरीत खायला गेलो होतो. सगळे लोक पाळत होते असं नाही. दूर कुठेतरी सकाळीच एखादा पंप खटखटत होता. पण आबांच्या आसपास शांतता होती. वांगी लगडली होती, फुलांवर भुंगे लोंबकळत होते आणि नाना ओळीओळीतून कान देत फिरत होते. दिवसभर त्यांनी कुणालाच सूर सांगितला नाही.

भरीत भाजायला घेतलं तेव्हा सूर्य मावळत होता. तो टेकला आणि चारी बाजूंच्या शेतांतून एकदम पंप सुरू झाले. खट-खट, खर्र, खट-खट. कुणाचा कुणाशी मेळ नाही. आबा म्हणाले, "नाना, सांग बापा आता, हे कोन्या सुरात हायेत?"

नाना जाळाजवळ बसले होते. मान वाकडी करून त्यांनी सगळीकडचं ऐकलं.

"सगळे बेसूर आहेत," ते म्हणाले, आणि इतके खूश झालेले मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.